कल्पित लोकांचा स्वयंपाक आणि देवधर्म: आमच्या कॅम्पेनसाठी सल्ला हवाय

फासा२०
मंडळी, नागपुरात धरमपेठेत एका मित्राच्या फ्लॅटवर रविवारी आमचा रोलप्लेइंगचा ग्रुप जमतो. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सचे, जग मात्र आमचं घरचं. गेम मास्टर मी. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन तिच्यात शिरतात, आणि निकाल नक्की नसेल तिथं फासा टाकतात. अशी अनेक बैठकी चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन.

आमच्या जगात सध्या दोन समाज आहेत. नदीकाठचे डोहकर आणि वरच्या कोरड्या पठारावर विणकाम करणारे ताणेकरी. मी वहीत लिहिलंय ते असं: डोहकर निळ्या आळंब्यांचं कालवण खातात आणि दोन चंद्रांना पुजतात; ताणेकरी भाजलेले नाकतोडे खातात आणि वाऱ्याच्या देवाला नवस बोलतात. हे वाचून दाखवलं की खेळाडू "बरं, पुढे?" म्हणतात आणि कोणीतरी फोन काढतो. गावातल्या पंगतीचं वर्णन मी पाच मिनिटं केलं तरी त्यांना फक्त खजिना कुठं आहे ते हवं असतं.

खाणं आणि देव असे कसे रचायचे की ते खेळात उतरतील? अनुभवी लोकांनी सांगा. स्वयंपाक येणाऱ्यांनी तर नक्कीच सांगा.

तर्रीबाज
भाऊ, निळी आळंबी सोड. पहिले हे सांग, तुह्या डोहकरांकडे सरपण कुठून येते? मीठ कुठून येते? तेल कशाचं गाळते? एवढं ठरलं का अर्धा स्वयंपाक आपोआप ठरते. देव मागून येतो.

आता आपलं सावजीच पाह्य ना. हलबा कोष्ट्यांचं जेवण, मागावर बसणाऱ्या लोकायचं. जवसाचं तेल वापरत, काऊन का जवस इथं पिकते. कोणी बैठक घेऊन 'आपल्या समाजाची चव काय असावी' असा ठराव नाही केला. रोडगे घे. गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, कणकेचे गोळे त्यात सोडून द्यायचे, राख झटकून तुपात बुडवायचे. तवा नको, पोळपाट नको, शेतात नाहीतर देवस्थानापाशी पन्नास माणूस जेवते. मग तेच नवसाचं जेवण होऊन बसते. म्हणजे आधी भांड्यायची अडचण, मग नवस.

तुह्या पठारावर झाडं नसतील तर चूल कशी पेटते ते सांग. नाकतोडे भाजते म्हणतो, कशावर भाजते बे?

फासा२०
हाहा, खरंच विचार केला नव्हता. पठारावर झाडं नाहीत. शेणी असतील, मेंढ्या आहेत. आणि एक तेलबी पिकते असं धरू, जवसासारखीच.

महालकरीण
माझा मुलगा या ग्रुपात फासे टाकतो म्हणून मीही वाचतेय. खेळातलं मला काही कळत नाही, पण तुमच्या वहीतल्या वाक्यात 'कोण' नाही. डोहकर खातात म्हणजे कोण खातं? आधी कोण, मागून कोण? रांधतं कोण? त्या दिवशी कोणी चुलीकडे यायचं नाही?

आमच्याकडे, नागपूरच्या महाल भागात, भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कटाची आमटी, सोळा भाज्या, वर टांगलेला फुलोरा. पदार्थांची यादी कोणालाही मिळेल. खरी गोष्ट पहाटे स्वयंपाकघरात असते. सोवळ्यात कोण आहे, कोणाच्या हातचं मीठ पडलं, नवी सून पुरण वाटू लागली की सासूचं लक्ष कुठं असतं. आणि हे सगळं घरोघर वेगळं. एका घरी मुखवटे, शेजारी खड्यांच्या, आणखी कोणाकडे उभ्या. आमच्याकडे नैवेद्याचं उरलेलं उंबऱ्याबाहेर जात नाही, पलीकडच्या घरी आख्खी गल्ली जेवते. दोघी एकमेकींना मनातल्या मनात चूक म्हणतात.

तुमचे सगळे ताणेकरी एकाच देवाला एकाच तऱ्हेनं पुजत असतील तर ते खरे वाटायचे नाहीत बाळा. दोन घरांत तरी भांडण ठेव.

पुणेकर_नाईलाजाने
(नोकरीमुळे नागपुरात. चहा गोड, ऊन कडक, तक्रार नाही.)

वरचं सगळं सुंदर आहे, पण टेबलवर यातलं काही येणार नाही. मी बरीच वर्षं गेम चालवतोय. खेळाडूंना तुमच्या जगाचा ज्ञानकोश नको असतो. जी प्रथा त्यांच्या पात्राला काहीतरी करायला किंवा टाळायला लावते तेवढीच त्यांना आठवते. 'हे लोक सूर्यास्तानंतर जेवत नाहीत' ही माहिती झाली. 'तुम्ही दोन दिवस उपाशी आहात, सूर्य बुडतोय, आणि यजमानीण ताट वाढतेय पण स्वतः जेवणार नाही' हा प्रसंग झाला. तीन ओळींत मावत नाही ते वहीतच राहतं.

सरपण, तेल, सासू-सुना हे तुम्ही स्वतःपुरतं ठरवा. खेळाडूंसमोर फक्त ताट येऊ द्या.

तर्रीबाज
पुणेकर, पटलं. पण ताट कोरं असलं का दिसून येते. मागं काही शिजलं असलं तरच वास येते ना.

अंबाझरी
एक मुद्दा कोणी काढला नाही. नियम बनतो तेव्हा जे पदार्थ ठाऊक असतात त्यांचीच यादी होते. नंतर जे येतं ते यादीबाहेर राहतं.

आपल्या उपासाचं ताट बघा. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो, तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. शेंगदाणा तिथलाच. हिरवी मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या व्यापारातून इकडे आली. एकादशीला तांदूळ-गहू चालत नाहीत हा नियम जुना, आणि खिचडीतला जवळजवळ प्रत्येक दाणा परका. उपास मोडायला नको म्हणून जुनं धान्य बाजूला ठेवलं आणि समुद्रापलीकडचा कंद पवित्र होऊन बसला. आता साबुदाण्याची खिचडी आपल्याला पुराणकाळापासूनची वाटते.

फासा, तुझ्या जगात शंभरेक वर्षांपूर्वी कोणी व्यापारी आले असतील तर त्यांनी काय आणलं ते ठरव, आणि मग ते कोणत्या व्रताच्या फटीतून आत शिरलं ते ठरव. कर्मठ म्हातारे त्याच नव्या पदार्थाला सनातन म्हणत असले तर आणखी मजा.

पुणेकर_नाईलाजाने
हे मात्र टेबलवर येऊ शकतं. बाहेरचा माणूस म्हणजे आपला खेळाडूच. त्याच्या पाठपिशवीतला एखादा पदार्थ नियमात बसतो की नाही हे गावात कोणालाच माहीत नसणार.

नवेगाव
गोंदियाकडचा आहे, नागपुरात राहतो. या गेमच्या पुस्तकी जगांत जंगलातल्या लोकांचा धर्म नेहमी एकसारखाच असतो: ढोल, हाडं, भीतीदायक देव, बळी. हे वाचून कंटाळा येतो, आणि आपल्याच आजूबाजूच्या लोकांबद्दल असं कोणी लिहिलं तर रागही येतो.

गोंड समाजात कुळांची विभागणी देवांच्या संख्येवर आहे: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच संख्येच्या देवांत लग्न होत नाही. कुळाकुळांचे प्राणी, पक्षी, झाडं ठरलेली, आपल्या कुळाच्या जीवाला मारायचं नाही, त्या झाडाला तोडायचं नाही. त्यामुळे एकाच गावात, एकाच जंगलात, सगळ्यांचा हात एकाच शिकारीवर पडत नाही. नवं पीक देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय तोंडात टाकत नाहीत. यात गूढ काय आहे? लग्न, जमीन, अन्न यांची शिस्त आहे, आणि ती पाळणारी माणसं मोबाइलही वापरतात.

या रचनेतून शिकायचं असेल तर शिका: खाण्याची बंदी गावाला एकसारखी न लावता कुळाकुळांत वाटून द्या. पण देवांची खरी नावं उचलून ती तुमच्या राक्षसांना चिकटवू नका. माघ पौर्णिमेला कचारगडला, गोंडांच्या श्रद्धास्थानी, लाखो लोक श्रद्धेनं येतात. त्यांचं दैवत तुमच्या तळघरातला शेवटचा शत्रू व्हायला नको.

फासा२०
नावं सगळी स्वतःची ठेवणार, शब्द देतो. कुळांत वाटून द्यायची कल्पना घेतो. डोहकरांत एक कूळ कासव धरत नाही, दुसरं पाणकोंबडी. मग एका होडीतल्या चौघांच्या जाळ्यात कासव आलं तर ते कोणी सोडवायचं यावर प्रसंग होतो.

तर्रीबाज
आणि ज्याच्यावर बंदी नाही तो म्हणते, 'सोडतो कशाले, मले दे ना.' 😄

सीताबर्डीकर
नागपूरचा धागा आणि अजून मारबत निघाली नाही? कमाल आहे.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात, आणि त्याच दिवशी जुन्या शहरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींच्या मिरवणुका निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून अशी परंपरा सांगितली जाते. बाहुल्या प्रचंड. 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' असा गजर, आणि शेवटी शहराबाहेर दहन. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा राग म्हणून. खेड्यात मात्र हीच मारबत पळसाच्या फांद्यांनी, घरातली रोगराई हाकलायला काढतात, तिथं बाकाबाई कोणाच्या गावीही नसते.

म्हणजे एकच विधी, अर्थ दोन. आणि तिसरी गंमत म्हणजे बडगे. मारबतीबरोबर दरवर्षी नवे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी ज्यानं लोकांना छळलं त्याचा. मारबत ठरलेली, बडग्याची जागा रिकामी. सव्वाशेहून जास्त वर्षं ही प्रथा टवटवीत राहिली ती या रिकाम्या जागेमुळे, असं माझं मत.

गेममध्ये हे सोन्यासारखं आहे. प्रत्येक सणात एक जागा मोकळी ठेव. यंदा कोणाचा पुतळा जाळायचा हे गावात अजून ठरलेलं नाही, आणि तुझे खेळाडू नेमके त्याच आठवड्यात पोचले. कारभारी म्हणतो डोहकरांचा करा. विणकर म्हणतात सावकाराचा करा. खेळाडूंच्या मागच्या पराक्रमानं जर गावाचं धान्य जळालं असेल तर त्यांचाच पुतळा तयार होत असेल.

पुणेकर_नाईलाजाने
हे वाचून खुर्चीत सरळ बसलो. माझ्या गेममध्ये ढापतोय, परवानगी आहे असं धरतो.

सीताबर्डीकर
ढापा. पण श्रेय नागपूरला.

मृद्गंधा
सगळे असं गृहीत धरताहेत की प्रथा हळूहळू, नकळत बनतात: सरपण, तेल, व्यापारी वगैरे. आपल्याच शहरात उलटं उदाहरण आहे. १४ ऑक्टोबर १९५६. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. एका दिवसात, जाहीरपणे, शुद्धीवर राहून घेतलेला निर्णय. त्या प्रतिज्ञांत काय करीन याबरोबर काय करणार नाही हेही स्पष्ट आहे: श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, दारू पिणार नाही. म्हणजे पितृपक्षातलं ताट एका निर्णयानं घरातून गेलं. त्याच्या जागी काय आलं ते विजयादशमीला येऊन बघा. दूरदूरच्या गावांतून आलेल्या लोकांना रस्तोरस्ती भोजनदान होतं, आणि कोण कोणाच्या पंगतीला बसलाय हे कोणी विचारत नाही.

ज्यांना पूर्वी पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते त्यांच्यासाठी 'कोणाच्या हातचं' हा प्रश्न गंमतीचा नव्हता. महालकरीण ताई, तुम्हाला बोल लावत नाहीये. पण सोवळ्याची एक बाजू तुम्ही सांगितलीत, दुसरी मी सांगते. कल्पित समाजात शिवाशिव घालणार असाल तर ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं त्याचंही पात्र टेबलवर असू द्या, आणि त्याला नाही म्हणायचा हक्क द्या.

फासा, तुझ्या ताणेकऱ्यांत असा एक गट हवा ज्यानं आजोबांच्या काळात काहीतरी सोडलं. त्याला कारण आहे, तारीख आहे, आणि त्यांच्या सणाला आठवणीची धार आहे.

महालकरीण
बोल लावलास तरी चाललं असतं. खरं आहे ते. माझ्या आजेसासूच्या काळातल्या गोष्टी इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

अंबाझरी
जाता जाता कॅलेंडरबद्दल. दोन चंद्र ठेवणार असशील तर सावध. आपला एकच चंद्र आहे तरी बारा चांद्रमासांचे दिवस ३५४ च्या आसपास भरतात आणि सौर वर्षाशी सुमारे अकरा दिवसांचा फरक पडतो. हिजरी वर्षात तो फरक भरून काढत नाहीत, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत. आपण साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घालतो आणि मग त्या जास्तीच्या महिन्याला काहीतरी काम हवं म्हणून जावयाला तेहतीस अनारसे. हिशोबाची गरज आणि सासुरवाडीचा खर्च, असा सगळा मामला.

तुझ्या दुसऱ्या चंद्रामुळे असा एक उपरा महिना येत असेल तर त्यात लग्न लागत नाही, कर्ज वसूल करता येत नाही, असं काही ठेव. कर्जबुडवे पात्र कोणाचं ना कोणाचं असतंच.

तर्रीबाज
माह्याच ग्रुपात दोन हायेत. खेळाबाहेर.

फासा२०
सगळं वाचून ताणेकऱ्यांचं असं रचलंय. बघा, कुठं कच्चं आहे ते सांगा.

पठारावर तेलबी हे एकच भरवशाचं पीक. तेच तेल दिव्याला, तेच फोडणीला, तेच मागाच्या लाकडाला. दुष्काळाच्या वर्षी तिन्हीला पुरत नाही. म्हणून पीक येण्याआधीचा महिनाभर 'कोरडा महिना'. घरात तेल वापरायचं नाही, सगळं पाण्यात शिजवायचं, प्रत्येक घरानं आपला वाटा देवळातल्या अखंड दिव्याला द्यायचा. दिवा विझला तर पीक येत नाही अशी श्रद्धा.

साठेक वर्षांपूर्वी उत्तरेचे व्यापारी मेंढीची चरबी वितळवून डब्यांत भरून आणू लागले. नियमात फक्त तेल लिहिलंय. त्यामुळे पैसेवाले कोरड्या महिन्यात चरबीत तळलेलं खातात आणि 'आम्ही व्रत मोडलं कुठं?' म्हणतात. घाण्यावर राबणाऱ्या मजुरांना पूर्वी आपणच गाळलेल्या तेलाचा वाटा देवळात द्यायला मनाई होती, त्यांचं तेल अपवित्र धरत. त्यांनी एके दिवशी जाहीर करून हे व्रतच सोडलं. त्या महिन्यात ते स्वतःच्या वस्तीत दिवे लावतात आणि येईल त्याला तळलेलं खाऊ घालतात, बोलावणं लागत नाही. महिन्याच्या शेवटी एक पुतळा जळतो, कोणाचा ते दरवर्षी ठरतं.

देवाचं नाव अजून ठरलेलं नाही. वाऱ्याचा देव मात्र रद्द.

तर्रीबाज
आता कसं! मजुरांच्या वस्तीतलं तळलेलं खायला मी पहिला जाईन. तिखट ठेव जरा.

पुणेकर_नाईलाजाने
आणि हे टेबलवर आपोआप येतं. गेममधल्या प्रत्येक पात्राच्या सामानात काय असतं? मशाली आणि तेलाची कुपी. वेशीवरचा पहारेकरी विचारणार, 'तेल आहे का जवळ?' खेळाडू खोटं बोलणार. तुम्हाला एक शब्द वर्णन करावं लागणार नाही.

मृद्गंधा
मजूर आता त्याच महिन्यात तेल जाळतात, तळतात, मग देवळात तेल पुरतं का? पुरत नसेल तर दिवा दरवर्षी कसाबसा जळतोय आणि हे पुजाऱ्यांनाच माहीत आहे. तुझी गोष्ट तिथं आहे.

फासा२०
मृद्गंधा, हे सरळ वहीत.

रविवारी खेळलो. थोडक्यात वृत्तांत: वेशीवर पुणेकरांनी सांगितलं तसंच झालं. आमच्या चोरानं कुपी पागोट्यात लपवली, फासा खराब पडला, तेल कपाळावरून ओघळलं. एकाचं पात्र बुटका (ड्वार्फ) आहे, खेळाच्या नियमात बुटक्याला अंधारात दिसतं, तर पहारेकऱ्यानं त्याला विचारलं, मग तू तेल बाळगतोसच कशाला? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग देवळात गेले, साठा संपत आल्याचं कळलं, आणि धर्मगुरूचं पात्र खेळणारी म्हणाली, सोपं आहे, मी मंत्रानं उजेड पाडते. तेल लागत नाही, कायम राहतो. अर्धं टेबल म्हणतं दिवा जळतोय म्हणजे काम झालं, अर्धं म्हणतं ही फसवणूक. तिथंच वेळ संपली. पुढच्या रविवारी पुजारीण काय म्हणेल? मला खरंच ठरवता येत नाहीये.

अंबाझरी
नियमात 'दिवा' आहे की 'तेल' आहे? चरबीवाल्यांनी ज्या फटीतून वाट काढली तीच ही फट. चरबी चालली तर मंत्रही चालला पाहिजे.

तर्रीबाज
पण मग तेल द्याचं कामच उरलं नाही ना भाऊ. पुजारणीचं काय होईन? लोकं उद्यापासून घरी भजी तळतीन.

महालकरीण
चालायचं नाही. काही जळलंच नाही तर देवाला दिलं काय? आणि तुमच्या त्या धर्मगुरू मुलीला विचार, मंत्राच्या दिव्याला वात कोणी वळली?